लॉनसाठी बसून चालवायचं गवत कापायचं मशीन घेतलंय, माळीमामांना शिकवायचं कसं?

होटगीरोडकर | 3 जून, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. होटगी रोडला आमचं मंगल कार्यालय आहे, त्याला लागून दोन एकर लॉन. आजवर ढकलायच्या दोन मशीनवर भागवलं. दोन माणसं लागायची आणि दोन दिवस जायचे. लग्नसराईत एक मांडव उतरतो तोवर दुसरा उभा राहतो, तेव्हा तेवढी सवडच मिळत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात पुण्याकडून एक वापरलेलं बसून चालवायचं मशीन आणलं. पेट्रोलचं, पुढे इंजिन, मधे पोटाखाली 42 इंची डेक (पाती झाकणारं पत्र्याचं कवच), हायड्रोस्टॅटिक म्हणजे गिअर न बदलता चालणारं. सोबत माहितीपुस्तक नाही.

चालवणार आमचे माळीमामा. वय साठीच्या घरात. हरळीवर नुसता तळवा फिरवून पाणी आज द्यायचं की उद्या ते सांगतात. पण बैलगाडी आणि सायकल सोडून आयुष्यात काही चालवलेलं नाही. मशीन उतरवलं तेव्हा त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा, ह्याच्या पोटात पातं हाय ते वरनं दिसत न्हाई. मग भ्यायचं कशाला आन् किती, ते कसं कळायचं?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. ज्यांनी अशी मशीन हाताळलीत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मामांना मी वाचून दाखवणार आहे.

सातरस्ता | 3 जून, रात्री 9.58

अभिनंदन! आता नवरदेवाची एन्ट्री त्याच्यावरूनच होऊ द्या, घोड्याचा खर्च वाचेल.

पाना_तेरा_चौदा | 3 जून, रात्री 10.45

सातरस्ता, एन्ट्री राहू द्या. त्या मशीनवर सीट एक आहे, माणूसही एकच बसायचा. हे अगदी पहिल्या दिवशी ठरवून टाका, कारण लग्नाघरी आलेली पोरं "मामा, एक चक्कर" म्हणत मागे लागणारच.

होटगीरोडकर, मी बार्शीत ट्रॅक्टर आणि लहान इंजिनांची कामं करतो, अशी चार-पाच मशीन खोलली आहेत. मामांचा प्रश्न लाखमोलाचा आहे, आधी त्याचं उत्तर देतो. पात्याच्या टोकाचा वेग किती असावा याला अमेरिकी मानकात मर्यादा आहे, मिनिटाला 19,000 फूट. म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास. बरीच मशीन त्या मर्यादेच्या आसपासच फिरतात. आता गवतात पडलेला एक खिळा त्या टोकाला लागला तर तो कुठल्या जोराने बाहेर येईल ते मामांना सांगा. त्यांना गोफण माहीत असेल. पोटाखाली गोफण फिरते आहे आणि तिचं तोंड उजवीकडे आहे, एवढं सांगितलं की पुरे.

म्हणून गवत बाहेर पडायच्या तोंडावर जे झाकण असतं ते कधी वर बांधून ठेवायचं नाही, काढायचं तर नाहीच. ओल्या गवताने तोंड तुंबतं म्हणून लोक काढतात. तुंबलं तर पातं बंद करा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला, पातं पूर्ण थांबू द्या, मग काठीने मोकळं करा. हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी एक पातं हाताने हललं की बेल्टवरून दुसरंही हलतं.

आणि एक काम उद्या सकाळीच करा. सीटखाली एक स्विच असतो. पातं चालू असताना चालक सीटवरून उठला की इंजिन किंवा पातं बंद पडायला हवं. मोकळ्या सपाट जागी, आजूबाजूला कोणी नसताना, ब्रेक लावून, पातं चालू करून तुम्ही स्वतः सीटवरून जरा अंग उचला. खाली उतरू नका. बंद पडलं तर ठीक. नाही पडलं तर मामांना त्यावर बसवू नका.

जुळे_सोलापूर_७ | 4 जून, सकाळी 7.15

सीटचा स्विच म्हणजे नुसता ताप. आमच्या सोसायटीत असंच मशीन होतं. खड्ड्यात आदळलं की माणूस सीटवरून उडायचा आणि इंजिन बंद. दिवसातून वीस वेळा. शेवटी मिस्त्रीने स्विच वगळून डायरेक्ट करून दिलं, त्यानंतर दोन वर्षं एकदाही त्रास नाही. सावधपणे चालवणाऱ्याला असल्या गोष्टी लागत नाहीत.

परतलेला_सोलापूरकर | 4 जून, सकाळी 8.30

जुळे_सोलापूर, तुमचा अनुभव खरा असेल, पण हे वाचून राहवलं नाही.

मी अकरा वर्षं अमेरिकेत ओहायोत होतो. तिथे घरटी लॉन आणि बऱ्याच घरी असलं मशीन. आमच्या शेजारचे आजोबा तीस वर्षं चालवणारे, सावध म्हणजे किती, चष्मा पुसून बसायचे. एका शनिवारी ते मागे घेत होते आणि त्यांची चार वर्षांची नात घरातून पळत त्यांच्या मागे आली. इंजिनच्या आवाजात तिची हाक ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यांच्या मशीनला मागे घेताना पातं आपोआप बंद व्हायची सोय होती आणि ती त्यांनी शाबूत ठेवली होती. चाकाचा धक्का लागून पोर पडली, गुडघा खरचटला. एवढंच. त्या दिवशी ते पायरीवर बसून रडताना मी पाहिलेत. पोर आजोबांच्या मागे का धावली, तर आदल्या वर्षी त्यांनी तिला मांडीवर घेऊन फेरी मारली होती. तिला वाटलं, आजही बसवतील.

तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की 16 वर्षांखालच्या मुलाने बसून चालवायचं मशीन चालवू नये आणि कुठल्याही वयाचं मूल त्यावर सोबत बसवू नये. सोबत बसवण्यात पडण्याची भीती तर आहेच, शिवाय मुलाची मशीनची भीती मोडते, आणि ते नंतर आपण बघत नसताना जवळ येतं.

खड्ड्यात इंजिन बंद पडत असेल तर खड्डा बुजवा, वेग कमी करा, सीटची स्प्रिंग बदला. स्विच डायरेक्ट करून निकामी करू नका.

उपळाईची_लेक | 4 जून, सकाळी 9.05

आजोबांचं वाचून पोटात गोळा आला. माझ्या माहेरी कडबाकुट्टीत चुलत्यांचं बोट गेलंय. "एवढं काय होतंय" म्हणत म्हणतच गेलं.

होटगीरोडकर दादा, मामा धोतर नेसतात का? नेसत असतील तर आधी त्याचं बघा. धोतराचा सोगा, खांद्यावरचं उपरणं, सैल बाही, यातलं काहीही फिरत्या भागात अडकू शकतं. आणि चप्पल नको, बूट हवेत.

होटगीरोडकर | 4 जून, दुपारी 1.20

ताई, मामा धोतरच नेसतात. आज विषय काढला तर म्हणाले, "चाळीस वर्सं धोतरावर बाग केली." मी काही बोललो नाही. मामींनीच मुलाची जुनी पॅन्ट काढून दिली, बूट मी आणतो.

पाना_तेरा_चौदा, तुम्ही सांगितलेली चाचणी सकाळी केली. सीटवरून अंग उचललं आणि इंजिन चालूच, पातंही चालूच. सीट पुढे उलटून बघितली. स्विचचा प्लग सुटा लोंबत होता आणि त्याच्या दोन भोकांत यू आकाराची तांब्याची तार खुपसून वर काळी टेप गुंडाळली होती. म्हणजे सीटवर कुणी नसलं तरी मशीनला माणूस बसलाय असंच वाटणार. बोटभर लांबीची तार. कुणी घातली माहीत नाही, त्यावर बोलण्यात अर्थही नाही. पण ती तार हातात घेऊन मी पाच मिनिटं तसाच उभा होतो. मामांना आम्ही परवाच त्यावर बसवणार होतो.

पाना_तेरा_चौदा | 4 जून, दुपारी 1.55

तार फेका. पण नुसती काढून भागणार नाही. काही मशीनमध्ये माणूस सीटवर बसला की स्विच विजेची वाट जोडतो, काहींमध्ये उलटा असतो, म्हणून अंदाजाने दुसरा स्विच लावू नका. इंजिन आणि मशीनचा मॉडेल नंबर घेऊन त्याचाच मागवा. सीटखालची पाटी बघा. बदलल्यावर तीन गोष्टी तपासा: ब्रेक न दाबता किल्ली फिरवली तर इंजिन सुरू व्हायला नको, पातं चालू ठेवून किल्ली फिरवली तरी नको, आणि उठल्यावर बंद पडायला हवं. त्यानंतर दर वेळी काम सुरू करायच्या आधी उठून बघायची सवय मामांना लावा.

जुळे_सोलापूर_७ | 4 जून, दुपारी 3.10

मी वरचा प्रतिसाद मागे घेतो. सोसायटीत मुलं संध्याकाळी तिथेच खेळतात. मिस्त्रीला बोलावलं आहे.

टॉवेलवाला | 4 जून, रात्री 10.20

थोडं अवांतर, पण सोलापूरच्या धाग्यावर हे यायलाच हवं.

गवत कापायचं मशीन कापड गिरणीतून आलं. एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने 1830 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. इंग्लंडातला स्ट्राउडचा भाग तेव्हा लोकरी कापडासाठी प्रसिद्ध. तिथे कापडावरची लव सारखी करायला फिरत्या पात्यांचा रूळ असलेलं यंत्र होतं. ते बघून त्याला सुचलं की कापडाची लव कापते तशी गवताचीही कापेल. आमच्या टॉवेलच्या धंद्यात वेलवेटसारखा मऊ टॉवेल करायला टेरीच्या लूपची टोकं आजही अशीच छाटतात, शेअरिंग म्हणतात त्याला. अक्कलकोट रोडला पहिल्यांदा शेअरिंग बघितलं तेव्हा मला लॉनच आठवली होती. आता उलटं कळलं.

कामाचा मुद्दा: शेअरिंगमध्ये पात्याची धार गेली तर लूप कापला जात नाही, ओढला जातो. गवताचंही तसंच असणार.

हरळी | 5 जून, सकाळी 6.50

टॉवेलवाला, अगदी तसंच आहे. कापल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लॉनवर पांढुरकी-तपकिरी झाक आली तर वाकून एक पान हातात घ्या. टोक सरळ कापलेलं असेल तर धार चांगली. टोकाला दोरे सुटल्यासारखे दिसले तर पातं बोथट आहे, ते गवत फाडतंय. फाटलेलं टोक जास्त पाणी गमावतं आणि रोगही तिथूनच शिरतो. बहुतेक मशीनना साधारण 25 तास काम झालं की धार लावावी लागते. मातीत घासलं तर आधीच.

पात्याला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढायची, हे पाना_तेरा_चौदा यांचं सांगायचं राहिलं, ते मी सांगते. वायर काढा, मग पातं हातमोजे घालून सोडवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या मशीनखाली शिरू नका, खाली लाकडी ठोकळे द्या. धार लावून झाली की पात्याचं मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यात अडकवून बघा. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे, तिकडून थोडं आणखी घासा. तोल नसलेलं पातं सगळं मशीन हादरवतं आणि स्पिंडलचे (पातं ज्या दांड्यावर फिरतं त्याचे) बेअरिंग खातं.

उंचीबद्दल: एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. तुमची हरळी असेल तर पावसाळ्यात दीड इंच ठीक. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो तेव्हा दोन इंचांवर ठेवा, मुळांना सावली राहते आणि पाणी कमी लागतं. लग्नाच्या फोटोसाठी भर उन्हाळ्यात गालिचासारखी बारीक कापायला सांगणारे मालक मी बघितलेत, आणि पंधरा दिवसांनी तीच लॉन पिवळी झालेलीही.

सातरस्ता | 5 जून, सकाळी 9.30

मशीनचं राहू द्या, पण एक विचारतो. शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. अशा सोलापुरात दोन एकर लॉन हवीच का? परवा मस्करी केली होती, हे मात्र मनापासून विचारतोय.

होटगीरोडकर | 5 जून, सकाळी 10.15

प्रश्न रास्त आहे. नळाचं पाणी लॉनला घालत नाही. स्वयंपाकघरातलं भांडी धुतलेलं पाणी जाळीच्या टाकीतून गाळून वापरतो, कमी पडलं तर बोअर. मागचा अर्धा एकर गेली दोन वर्षं पाणीच देत नाही. पावसाने येतं ते गवत येतं.

माळावरची | 5 जून, सकाळी 11.40

होटगीरोडकर, त्या मागच्या अर्ध्या एकरासाठीच लिहिते. मी नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला वाढले. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, असं आपल्याकडे समजतात. पण माळढोक, धाविक, चंडोल, टिटवी हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. माळढोक तुमच्याकडे येणार नाही, टिटवी नक्की येईल. मार्च ते ऑगस्ट तिचा हंगाम. घरटं म्हणजे खडे मांडलेला नुसता खळगा, त्यात बहुधा चार अंडी, मातकट रंगाची, काळे ठिपके. मशीनवर बसलेल्या माणसाला ती दिसणं शक्य नाही.

कापायच्या आधी मामांना पायी फिरू द्या. टिटवी डोक्यावर ओरडत झेपावली तर घरटं जवळच आहे. तिथे चार काठ्या रोवा आणि महिनाभर तेवढा चौकोन सोडा.

पाना_तेरा_चौदा | 5 जून, दुपारी 12.30

माळावरची ताईंनी पायी फिरायला सांगितलं, तेच मीही दुसऱ्या कारणाने सांगणार होतो. लग्नाची लॉन ही मशीनसाठी सगळ्यात वाईट जमीन. एकदा माझ्याकडे डेक दुरुस्तीला आला, तर स्पिंडलवर नायलॉनची दोरी, हारांचे दोरे आणि जरीची रिबन मिळून मुठीएवढा गोळा वितळून बसला होता. बेअरिंगचं सील गेलेलं. दुसऱ्या एकाकडे मांडवाची तुटकी लोखंडी खुंटी पात्याला लागली आणि तीस फुटांवरच्या गाडीची काच फुटली. गाडीत माणूस नव्हता.

मांडव उतरला की मंडपवाल्याकडून खुंट्या मोजून घ्या. जेवढ्या ठोकल्या तेवढ्या परत.

उसाच्या_रानातून | 5 जून, रात्री 8.50

पेट्रोलचा विषय कुणी काढला नाही. आता पंपावर मिळतं ते ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या मळीपासून आणि उसाच्या रसापासून बनतं, मला त्याचा अभिमान आहे. पण गवत कापायच्या मशीनच्या लहान इंजिनांना बहुतेक कंपन्या 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत पेट्रोल दोन-तीन महिने पडून राहिलं तर पाणी खाली बसतं, कार्ब्युरेटर गंजतो, जुने रबरी पाइप फुगतात.

इंजिन कंपनीला विचारून घ्या. तोवर लागेल तेवढंच भरा, पाइप इथेनॉल चालणारे बसवा, आणि मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. गरम इंजिनवर पेट्रोल ओतू नका. प्लास्टिकचा कॅन गाडीच्या हौद्यात ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवून भरा. हौद्यात त्यावर स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते.

उन्हाळ्यात आणखी एक. वाळलेलं गवत सायलेन्सरभोवती साचतं. रोज काम झाल्यावर इंजिन गार झालं की ब्रशने झाडा. आपल्या धुळीत एअर फिल्टरही दर आठवड्याला बघायला लागतो.

परतलेला_सोलापूरकर | 6 जून, सकाळी 7.40

उताराचं राहिलं. होटगीरोडकर, लॉनला चढउतार आहे का? जवळ शेततळं, विहीर, चारी?

होटगीरोडकर | 6 जून, सकाळी 8.05

स्टेजमागे मातीचा उंचवटा आहे. मागच्या बाजूला शेततळं, काठावर गवत.

परतलेला_सोलापूरकर | 6 जून, सकाळी 9.20

मग हे लक्ष देऊन वाचा. अशा मशीनवरून जीव जातो तो बहुतेक वेळा मशीन उलटून.

15 अंशांपेक्षा जास्त उतारावर न्यायचं नाही. मोबाइलमध्ये पातळी मोजायचं ॲप असतं, सरळ फळी उतारावर ठेवून तिच्यावर मोबाइल ठेवा. 15 अंश म्हणजे दहा फुटांत पावणेतीन फूट चढ. ढकलायचं मशीन उतारावर आडवं चालवतात, बसून चालवायचं मात्र सरळ वर आणि सरळ खाली. आडवं नेलं तर उलटतं. उतारावर वळायचं नाही, मधे थांबून पुन्हा सुरू करायचं नाही, ओलं असेल तर चढायचंच नाही. चाक घसरलं की ब्रेक काही करत नाही.

शेततळ्याचा काठ या मशीनने कापूच नका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, काठ आतून पोकळ होतो. काठापासून मशीनच्या दोन रुंदीएवढी जागा सोडा आणि ती विळ्याने नाहीतर नायलॉन दोरीच्या ब्रशकटरने कापा. सीटमागे गोल दांडीचा रोल-बार (मशीन उलटलं तर माणूस चिरडू नये म्हणून असलेली कमान) असेल तर तो उभा ठेवून सीटबेल्ट लावायचा. तसा बार नसेल तर बेल्ट बांधायचा नाही, उलटताना उडी मारता आली पाहिजे.

हरळी | 6 जून, सकाळी 10.00

काळ्या मातीवरून आठवलं. पाऊस पडला की दोन दिवस मशीन आत नेऊ नका. चाकोऱ्या उमटतात, माती दबते आणि तिथे हरळी पिवळी पडते. दर वेळी दिशा बदला. इंजिनचा वेग पूर्ण ठेवा आणि चालण्याचा वेग कमी. बरेच जण पेट्रोल वाचवायला इंजिन मंद ठेवतात, मग पातं गवत उचलत नाही आणि कापणी वरखाली होते. एका बाजूने खोल कापत असेल तर डेकला हात लावायच्या आधी दोन्हीकडची टायरची हवा मोजा.

सातरस्ता | 6 जून, सकाळी 10.30

42 इंची डेकने दोन एकराला किती वेळ लागेल?

पाना_तेरा_चौदा | 6 जून, सकाळी 11.10

माणूस भरभर चालतो त्या वेगाने, पट्टे थोडे एकमेकांवर घेत, वळणं धरून तासाला साधारण एक एकर. मामांना सुरुवातीला दुप्पट वेळ द्या. आणि कानाला इअरमफ द्या, दोन तास तो आवाज कानाजवळ असतो.

होटगीरोडकर | 12 जुलै, रात्री 9.15

उशिरा लिहितोय, माफ करा. स्विच यायला दोन आठवडे लागले.

मामांना मी आधी आठ दिवस पातं बंद ठेवून नुसतं चालवायला दिलं. पुढे, मागे, वळण, ब्रेक. मागे घेताना मान पूर्ण वळवून खाली बघायचं, हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं, मान आखडते म्हणून. त्यावर त्यांनीच तोड काढली: मागे घ्यायची वेळच येणार नाही असे लांब गोल पट्टे घ्यायचे. पट्टे आता ते आदल्या दिवशी काठीने मातीवर आखून मला दाखवतात.

पहिल्या कापणीआधी मामा, मी आणि मामींनी रांगेत चालत सगळी लॉन पायाखाली घातली. मामांच्या हातात बादली. दोन एकरांत निघालेलं सांगतो: मांडवाच्या सात खुंट्या, बांधायच्या तारेचे तुकडे, एक चमचा, बाटल्यांची झाकणं, आणि एक चांदीचं पैंजण. ते कुणाचं ते जुन्या बुकिंगवरून शोधून पोचतं केलं. मंडपवाल्याशी खुंट्या मोजून द्यायचं ठरलंय.

मागच्या अर्ध्या एकरात शिरलो तशी टिटवी अंगावर आली. माळावरची ताई, अगदी तुम्ही लिहिलंत तसाच खळगा, तशीच चार अंडी. मी पाय उचललेला तसाच धरून उभा होतो. मामांनी चारी बाजूंनी तूरकाठ्या रोवल्या आणि वर मामींच्या जुन्या साडीची लाल पट्टी बांधली.

तांब्याची तार मी फेकली नाही. मशीनच्या शेडमध्ये खिळ्याला टांगली आहे. मामा रोज किल्ली घेतात ती त्याच्याच शेजारच्या खिळ्यावरून.

माळावरची | 12 जुलै, रात्री 9.50

टिटवीचं पुढे काय झालं?

होटगीरोडकर | 12 जुलै, रात्री 10.05

परवा सकाळी खळगा रिकामा दिसला, मामा घाबरले. मुंगूस असेल म्हणाले. मग कुंपणाकडे टिटवी ओरडायला लागली, तेव्हा बघितलं तर पिल्लं तिच्या मागे. तीन नक्की, चौथं गवतात होतं की नाही ते दिसलं नाही. काठ्या अजून काढलेल्या नाहीत. ती पिल्लं उडेपर्यंत मागे मशीन न्यायचं नाही, असं मामांनी मला सांगितलंय.